ओढ्यात पाइप सोडणाऱ्या इसमास

महात्मा फुले मंडई,
शुक्रवार पेठ, पुणे.

ओढ्यात पाइप सोडणाऱ्या इसमास,

पत्रास कारण तुझा पाइप. सिमेंटचा, गावातल्या बंदिस्त गटारीच्या शेवटाला जोडलेला आणि ओढ्याच्या काठावर तोंड उघडं टाकून दिलेला. त्या तोंडातून जे पडतं त्याचं पुढं काय होतं, हे पाहायला तू कधी गेला नाहीस. मोजमाप पुस्तिकेत तुझं काम पाइपाच्या टोकाशी संपतं. तुझ्या बिलात ओढा नाही, म्हणून तुझ्या नजरेतही तो नाही.

तुला नमस्कार लिहिणार नाही. तुझं नावही मला नको आहे, कारण तू एकटा नाहीस. एका गावात तू सरपंच असतोस, दुसऱ्या गावात ग्रामपंचायतीला अंदाजपत्रक करून देणारा अभियंता. कुठं माळावर प्लॉट पाडणारा बिल्डर, कुठं धरणाच्या काठाला हॉटेल टाकणारा मालक. खडकवासल्याच्या फुगवट्यालगत तू आहेस, रामनदीच्या काठानं आहेस, मांजरी-लोणी काळभोरपासून खाली दौंडपर्यंत आहेस. माणसं निराळी, पाइप तोच. म्हणून पत्रही सगळ्यांना मिळून एकच लिहिते. खाई त्याला खवखवे.

मंडईतून लिहिते, कारण तुझा पाइप इथंपर्यंत येतो. कसा, ते सांगते. तुझा ओढा नदीला मिळतो. वरच्या गावांचं आणि सगळ्या पुण्याचं पाणी पोटात घेऊन मुळा-मुठा मुंढव्याला पोचते. तिथल्या जॅकवेलमधून ते पाणी उचलून जुन्या कालव्यात सोडतात. लोक त्याला बेबी कॅनॉल म्हणतात. धरणातलं स्वच्छ पाणी शहरानं प्यायचं आणि शहराचं वापरलेलं पाणी शुद्ध करून हवेली-दौंडच्या शेतीला परत द्यायचं, असा तो करार. पाणी मिळतं. शुद्ध किती मिळतं, ते लोणीच्या किंवा यवतच्या कुठल्याही शेतकऱ्याला कालव्याच्या काठावर उभं करून विचार. त्या पाण्यावर पालक, मेथी, कोथिंबीर उभी राहते, पहाटे गुलटेकडीच्या बाजारात उतरते आणि सकाळी आमच्या मंडईत येते. 'कुठली आहे हो मेथी?' असं गिऱ्हाइकानं विचारलं आणि भाजीवालीनं 'पुरंदरची' म्हटलं, तरी सुटका नाही. पुरंदर उपसा योजनाही मुळा-मुठेतूनच पाणी उचलते.

शेतकऱ्यावर ढकलू नकोस. त्याच्यासमोर दोनच वाटा आहेत, हे पाणी किंवा कोरडं रान. भाजीवालीवरही ढकलू नकोस. तिच्या टोपलीतल्या जुडीवर काय बसलंय, हे तिच्या डोळ्यांना दिसणार नाही. जंतांची अंडी आणि अतिसाराचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. या सगळ्या साखळीत असा एकच माणूस आहे ज्याच्या हातात वेळ होता, निधी होता, जागा होती, उतार होता, आणि ज्यानं पाइप ओढ्यात सोडला. तो तू.

आता तू पुण्याकडं बोट दाखवशील. दाखव. केंद्र सरकारनं जपानच्या जायका या संस्थेकडून घेतलेल्या कर्जावर महापालिकेनं 11 मैलाशुद्धीकरण केंद्रांची योजना 2016 साली हाती घेतली, रोज 396 दशलक्ष लिटर क्षमतेची, 990 कोटींची. मूळ मुदत कधीच उलटली. लाखोंच्या शहराला मोठी केंद्रं लागतात, नळांचं मोठं जाळं लागतं, आणि त्याला लागलेल्या विलंबाचा जाब शहराला विचारायलाच हवा. पण तुझं गाव दोन हजार वस्तीचं आहे. तुला जपान लागत नाही. तुला खडी लागते, कर्दळ लागते आणि गावाच्या खालच्या अंगाला वीसेक गुंठे जागा लागते. तेवढंही न करता पुण्याच्या पापामागं लपायला तुला जागा नाही.

कर्दळ म्हटल्यावर तू हसला असशील. तुझ्याच आजीनं मोरीच्या पाण्यावर कर्दळ, अळू आणि केळ लावली होती. घरामागच्या त्या ओल्या तुकड्यात पाणी साचत नव्हतं, चिखल वाहत नव्हता, अळूची पानं हाताएवढी होत होती. तू त्या जागी फरशी घातलीस, मोरीला पाइप लावलास आणि त्याला विकास म्हणालास.

त्याच तत्त्वावर अभियंत्यांनी जे रचलं त्याला कृत्रिम पाणथळ म्हणतात. जर्मनीत केटे झायडेल या संशोधक बाईंनी 1950च्या दशकात पाणवनस्पती लावून सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग केले, तेव्हा जाणकारांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. आज फ्रान्समधली हजारो छोटी गावं आपलं सांडपाणी बोरूच्या वाफ्यांतून शुद्ध करतात. नेपाळात धुलीखेलच्या रुग्णालयानं 1997 साली असं पाणथळ बांधलं. आणि तुला परदेशाची उदाहरणं नको असतील तर नागपूरला जा. तिथल्या नीरी या राष्ट्रीय संस्थेनं 'फायटोरिड' नावानं हेच तंत्र आपल्या हवेला, आपल्या झाडांना जुळवून घेऊन पेटंटसह तयार ठेवलंय. नागपूर लांब पडत असेल तर शिवाजीनगरला ये, कृषी महाविद्यालयाच्या आवारात फायटोरिडचा प्रकल्प उभा राहिला आहे. जिल्हा परिषदेच्या बैठकीला तू पुण्यात येतोसच. तिथून ते आवार रिक्षानं काही मिनिटांवर आहे.

तुला कळणार नाही इतकं ते अवघड नाही. आधी दोन-तीन कप्प्यांची झाकलेली टाकी. गावाचं सांडपाणी तिच्यात येऊन मंदावतं, जड गाळ तळाशी बसतो, तेल आणि साबणाचा साका वर राहतो. मधलं निवळलेलं पाणी पुढच्या उथळ खाचरात जातं. खाचराच्या तळातून पाझर होऊ नये म्हणून अस्तर दिलेलं असतं, त्यावर दोन फुटांच्या आसपास खडी आणि खडीत कर्दळ, पाणकणीस, बोरू. पाणी एका कडेनं शिरतं आणि खडीतून आडवं सरकत दुसऱ्या कडेला पोचायला दोन-तीन दिवस घेतं. खरं काम तिथं, अंधारात चालतं. खडीच्या प्रत्येक दगडावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो आणि सांडपाण्यातली घाण हेच त्यांचं अन्न. पाणकणसाच्या पोकळ देठांतून हवा मुळांपर्यंत उतरते, म्हणून मुळांभोवती प्राणवायूवर जगणारे जिवाणू वाढतात. जरा दूर, जिथं हवा पोचत नाही तिथं, दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. पाण्याची पातळी खडीच्या माथ्यापेक्षा चार बोटं खाली ठेवायची. त्यामुळं वर पाणी दिसत नाही, डासाला अंडी घालायला जागा मिळत नाही, दुर्गंधी सुटत नाही. गावाला उतार असेल तर पंप लागत नाही. नीट बांधलेल्या आणि नीट राखलेल्या खाचरातून बाहेर पडताना पाण्यातली सेंद्रिय घाण 80 टक्क्यांहून अधिक उतरलेली असते.

लोडशेडिंगनं मोटर बंद, डिझेलला पैसे नाहीत, ऑपरेटर पळून गेला, ही तुझी सगळी कारणं इथं निकामी होतात. म्हणूनच बहुधा तुला हे तंत्र आवडत नाही. त्यात ब्लोअर नाही, पॅनेल नाही, यंत्रसामग्रीचं कोटेशन नाही. खडीवर आणि कर्दळीवर किती टक्के निघणार?

पुण्याच्या परिसरात तर हे सांगायलाच नको होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी नळानं पाणी आणलं ते निव्वळ उतारावर. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले, त्यांत गाळ खाली बसायचा आणि निवळ पाणी पुढं शनिवारवाड्यात, शहरातल्या हौदांत पोचायचं. पाणी मंदावलं की गाळ सोडतं, ही गोष्ट अठराव्या शतकात पुण्याच्या गवंड्याला ठाऊक होती. तुझ्या अंदाजपत्रकात ती नाही.

पैशाचं बोलू. 'निधी नाही' हे तुझं पाठ असलेलं वाक्य आहे आणि ते खोटं आहे. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागाच्या दुसऱ्या टप्प्यात, 2020 पासून, पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत तरतूद ठेवली. त्याहून मोठ्या गावाला माणशी 660. दोन हजार वस्तीच्या तुझ्या गावाचे त्यातून 5 लाख 60 हजार होतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के हिस्सा बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा होता, आणि त्यातला निम्मा स्वच्छतेचा. तू तो खर्च केलास. बंदिस्त गटार केलीस, रनिंग मीटरवर मोजलीस, ग्रामपंचायतीच्या फलकावर तुझं नाव आलं. गटार म्हणजे घाण इथून तिथं नेण्याची सोय. 'तिथं' काय आहे, याचा विचार तू एका रुपयाचाही केला नाहीस.

आणि 15 ऑगस्ट 2019 ला जलजीवन मिशन जाहीर झालं, घरोघर नळ, माणशी रोज 55 लिटर. तू नारळ फोडलास. चांगलं झालं, बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला याचा मला मनापासून आनंद आहे. पण 2 हजार माणसांना 55 लिटर म्हणजे रोज 1 लाख 10 हजार लिटर पाणी गावात येणार आणि त्यातलं बरंचसं साबण, खरकटं, तेल घेऊन गावाबाहेर जाणार, हा चौथीच्या मुलाचा हिशेब तुला त्या दिवशी कुणी विचारला नाही आणि तूही स्वतःला विचारला नाहीस. टाकी बांधणारी योजना आली, नळ आला, मीटरसुद्धा आलं. बाहेर जाणाऱ्या पाण्याला मात्र तू ओढा दाखवलास, कारण ओढा ग्रामसभेत हात वर करत नाही.

जागा नाही म्हणतोस? गावाच्या खालच्या अंगाचं गायरान कुणाच्या पत्र्याच्या शेडखाली गेलंय, ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. खरोखरच जागा नसेल तर सगळं पाणी एका ठिकाणी आणूच नकोस. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघर शोषखड्डे केले, उघडी गटारं मिटवली, डास हटवले, आणि पुढं जिल्ह्यातली कित्येक गावं त्या वाटेनं गेली. मुरूम असेल तिथं शोषखड्डा, खडक किंवा काळी चिकण माती असेल तिथं पाणथळ, वस्तीजवळ चार-चार घरांना मिळून परसबाग. कुठं काय, हे ठरवायला तालुक्याला अभियंता आहे. त्याला ओढ्याच्या काठावर घेऊन जा, खुर्चीत बसून सही घेऊ नकोस.

तुझ्यातला आणखी एक जण आहे, आणि त्याच्यावर माझा राग पहिल्यापेक्षा जास्त आहे. हा पाणथळ बांधतो. खडी टाकतो, कर्दळ लावतो, फीत कापतो, फोटो काढतो. आणि नंतर तिकडं फिरकत नाही. पहिल्या टाकीतला गाळ वेळच्या वेळी काढावा लागतो. तो काढला नाही की गाळ पुढं सरकून खडीच्या फटी बुजवतो, पाणी वर येऊन डबकं होतं, मग वास, मग डास. वाढलेली झाडं कापून बाहेर काढावी लागतात. तिथंच कुजली तर त्यांनी उचललेलं खत पुन्हा पाण्यात जातं. घरातल्या मोरीचं खरकटं, प्लॅस्टिक अडवायला जाळी हवी आणि ती रोज साफ करायला माणूस हवा. एक माणूस. त्याला पगार. हातमोजे, गमबूट. इतकंच. ते न केल्यामुळं दोन वर्षांत पाणथळाचं गटार होतं आणि तू ग्रामसभेत सांगतोस, 'आपल्याकडं असलं काही चालत नाही.' तू चालवलं नाहीस म्हणून ते चालत नाही. आणि तुझ्या त्या एका वाक्यानं शेजारची दहा गावं घाबरून पुन्हा पाइपाकडं वळतात. पाइपवाला एक ओढा नासवतो. तू एक चांगली वाट नासवतोस.

या तंत्राला मर्यादा आहेत, त्या झाकून मी तुला काही विकत नाही. पुण्यातल्या नागझरी किंवा आंबील ओढ्याचं आजचं पाणी असल्या खाचरात मावणार नाही. दाट शहराला तेवढी जमीन नाही. कारखान्याचं रसायन त्यात सोडलं तर जिवाणूच मरतील. आणि पाणथळातून निघालेलं पाणी स्वच्छ दिसलं तरी त्यात रोगजंतू उरतात. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला सांडपाणी द्यायचं तर शंभर मिलिलिटरमध्ये मलजन्य जिवाणू हजाराच्या वर नसावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 1989 मध्येच सांगून ठेवलं. त्यासाठी पुढं उथळ तळं बांधून पाणी काही दिवस उन्हात ठेवावं लागतं. ते जमत नसेल तर ते पाणी बांबूला दे, गवताला दे, गावच्या बागेला दे, कोथिंबिरीला देऊ नकोस. हे नियम पाळायला तुला यंत्र लागत नाही, लाज लागते.

तुला हे सगळं दूरचं वाटत असेल म्हणून जवळचं सांगते. 2025च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, पुण्याजवळचं नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत, माणसं एकाएकी हातापायांतलं बळ जाऊन रुग्णालयात पडू लागली. या आजाराचं जीबीएस हे नाव तोवर डॉक्टरांखेरीज कुणी ऐकलं नव्हतं. काही आठवड्यांत रुग्णांचा आकडा दोनशेच्या घरात गेला, काही जण व्हेंटिलेटरवर होते, काही दगावले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला. तो दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातो. धायरी 2017 मध्ये महापालिकेत आली, नांदेड, किरकटवाडी आणि खडकवासला 2021 मध्ये. म्हणजे त्याआधी वर्षानुवर्षं त्यांचं सांडपाणी ग्रामपंचायतीच्या हातात होतं, आणि त्या वर्षांत तिथं इमारतींवर इमारती उभ्या राहिल्या. परवानग्या दिल्या गेल्या. कोपऱ्यावरची विहीर, तिच्या शेजारचा ओढा, ओढ्यात उघडणारे पाइप, हे सगळं तिथंच होतं. कुठला जंतू कुठल्या पाइपातून कुठल्या घरात गेला, हे कुणी सिद्ध करू शकणार नाही. तुला तेवढ्यावर निश्चिंत झोप लागत असेल तर तुझ्या घरातलं कुणी अजून त्या वॉर्डात झोपलेलं नाही.

मी जिथून लिहिते त्या मंडईच्या इमारतीचा इतिहास तुला ठाऊक असावा, कारण तिला ज्यांचं नाव आहे त्यांच्या नावानं तू भाषणं करतोस. 1886 साली ती उभी राहिली तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य होते, आणि मंडईच्या भव्य इमारतीवर एवढा पैसा ओतायला त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं. नंतर आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्याच इमारतीला फुल्यांचं नाव मिळालं. इथून काही मिनिटांच्या अंतरावर, गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद जोतीरावांनी 1868 साली अस्पृश्यांसाठी उघडा केला. सार्वजनिक पैसा कुणासाठी आणि पाणी कुणाचं, हे दोन्ही प्रश्न त्यांनी आपल्या घरापासून सोडवायला घेतले. तू जयंतीला त्यांच्या पुतळ्याला हार घालतोस. त्या दिवशी तुझ्या पाइपातलं पाणी एक तासही थांबत नाही.

आता कामाचं. येत्या 2 ऑक्टोबरला तुझ्या गावात ग्रामसभा आहे. विषयपत्रिकेत सांडपाण्याचा विषय पहिला घे, 'आयत्या वेळचे विषय' यात ढकलू नकोस. बंधित निधीतून गेल्या पाच वर्षांत किती मीटर गटार झाली आणि ती कुठं उघडते, हे वाचून दाखव. ग्रामसभेतल्या बायकांना उठून बोलू दे. ओढ्याला काय झालंय ते त्यांना तुझ्या अभियंत्याहून नीट ठाऊक असतं. जागेचा गट नंबर ठरव. गाळाची टाकी कोण उपसणार आणि त्याला महिना किती देणार, हे आकड्यासह ठरावात लिही. हा आकडा नसेल तर पाणथळ बांधूच नकोस, मला पुन्हा त्याच पत्राची दुसरी बाजू लिहायला लावू नकोस.

धरणाकाठचा हॉटेलवाला तू असशील तर तुला ग्रामसभेचीही वाट पाहायची गरज नाही. जागा तुझी, पाणी तुझं, पैसा तुझा. पावसाळा संपला की खोदायला घे.

ठराव झाला की त्याची नक्कल वरच्या पत्त्यावर पाठव. मी ती मंडईत पालेभाजीच्या गाळ्यांवर वाचून दाखवणार आहे, गावाच्या नावासकट. नाही पाठवलीस, तर ज्या गावांच्या नकला आल्या त्यांची नावं वाचून दाखवीन आणि तुझं गाव त्यात नाही, हे भाजीवाल्यांना आपोआप कळेल.

शुक्रवार पेठेतलं,
मंडईचं एक जुनं गिऱ्हाईक